पत्र्याच्या बुचाची बाटली

पाणबुड्या या शब्दाचं स्त्रीलिंग केलं की पाणबुडी होतं, आणि पाणबुडीत तर माणसं आत बसून जातात. म्हणून बंदरात बुड्या मारणाऱ्या सुनेसाठी सासऱ्यांनी वेगळंच नाव काढलं, पाणकोंबडी. आधी घरात आणि मग बंदरावरही तेच रूढ झालं. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, नांगराच्या साखळ्या तपासायच्या, कुणाचं काही पाण्यात पडलं तर शोधून द्यायचं, असं तिचं काम. बंदराचं पाणी दुधाच्या चहासारखं. हात लांब केला की मनगटापुढचं काही दिसत नसे. सतरा वर्षांत तिला बोटांनीच बघायची सवय लागली होती.

गाळात काय काय सापडे! एकदा अख्खी कवळी सापडली, वरच्या दातांची. एकदा शिवणयंत्र, एकदा सत्तावीस किल्ल्यांचा जुडगा. पण घरी यायच्या त्या फक्त बाटल्या, आणि त्या यायच्या सासऱ्यांसाठी. त्यांनी चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मिश्रणं ढवळली होती. आता ऐकू कमी येत होतं, गुडघे धरले होते, आणि वर्षभरात दोनदा ते न्हाणीत घसरून पडले होते. नवरा मालवाहू जहाजावर, चार-चार महिने बाहेर. घरात सून आणि सासरे दोघंच. संध्याकाळी मागच्या बाल्कनीत बाटल्या घासत बसणं हा त्यांचा सोबतीचा वेळ.

"शिवण बघायची, साच्याच्या सांध्याची काचेवर उठलेली रेघ," ते सांगत. "काचेची शिवण तोंडापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची. मानेशीच थांबली असेल तर तोंड हातानं केलेलं, म्हणजे जुनी. बुडाखाली खरबरीत वण असला तर आणखी जुनी."

एकदा तिनं निळी, सहा बाजूंची, अंगावर उभ्या रेघा असलेली बाटली आणली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवला होता. "विषाची. अंधारात हाताला कळावं म्हणून या रेघा. चुकून कुणी घोट घेऊ नये."

वासावर त्यांचा फार भरवसा. कुठल्याही बाटलीत थेंबभर काही उरलेलं असलं की नाक लावलंच म्हणून समजा. "बाबा, एक दिवस नाकाला फोड येईल," ती म्हणायची. "या नाकानं चाळीस वर्षं भाकरी दिलीय," हे ठरलेलं उत्तर.

त्या आठवड्यात एका ओढबोटीच्या पंख्यानं जुन्या धक्क्याजवळचा तळ उकरला गेला. साखळी तपासायला ती खाली गेली आणि बोटांना लाकडी फळ्या लागल्या. एक खोकं गाळात तिरकं रुतलं होतं. फळी ओढली तशी ती सालपटासारखी निघून आली. आत कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक बाटली, एकसारखी. तिनं हात कोपरापर्यंत आत घातला, आणि त्याच क्षणी वरचा गाळ ढासळला. हात दंडापर्यंत गच्च अडकला.

तिनं ओढला. हलला नाही. समोर नुसता काळोख, कानात स्वतःच्या श्वासाचा खरखराट. श्वास भराभर घेतला की हवा लवकर संपते, हे ती नवशिक्यांना शिकवायची, आणि आता स्वतःच धापा टाकत होती. दुसऱ्या हातानं तिनं मूठमूठ गाळ उपसायला सुरुवात केली. हात सुटायला दोन मिनिटंच लागली असतील. ती बोटीची शिडी धरून वर आली, तेव्हा जाळीच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एवढं सोसून रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून आणलेल्या.

सासऱ्यांनी बघून नाक मुरडलं. पांढरी साधी काच, शिवण थेट तोंडापर्यंत. "यंत्राची. फार जुनी नाही." पण मग त्यांनी ती उजेडात धरली. बाटल्या भरलेल्या होत्या. तोंडाला सोडावॉटरच्या बाटलीसारखं पत्र्याचं दातेरी बूच, गंजून तपकिरी झालेलं. आत तळाला मेणासारखा पिवळट थर, त्यावर गढूळ पाणी, सगळ्यात वर तेलासारखं पातळ काहीतरी. त्यात एक चपटी तपकिरी पट्टी अर्धवट विरघळून लोंबत होती.

"मलम असेल," ते म्हणाले. मग, "नसेल. मलम असं नाही ठेवत." पुन्हा फिरवून बघितलं. ओळखता येत नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. "उघडून वास घेतला की सांगतो."

"आज नको. उद्या यातली एक फुंकरमास्तरांना दाखवून आणते. मी आल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. कळलं ना?"

त्यांनी मान हलवली. पण कानातलं यंत्र त्यांनी तासाभरापूर्वीच काढून ठेवलं होतं. ऐकू न आलेल्या गोष्टींनाही ते अशीच मान हलवत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं पुन्हा सांगितलं नाही. दमली होती.

फुंकरमास्तर म्हणजे कारखान्यात फुंकर मारून काच फुगवण्यात जन्म घालवलेले म्हातारे. त्यांचे वडीलही तिथेच भट्टीवर होते. आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गाळ्यात तुटलेल्या झुंबरांना काचा करून देत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसनं निघाली. बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. रस्ता खणलेला, बस दर चार हातांवर उडत होती. एकदा ब्रेक लागला तेव्हा पिशवी समोरच्या लोखंडी दांड्यावर ठण्णकन आपटली. "काचेचं काही होतं का?" शेजारच्या बाईनं विचारलं. "जुनी बाटली आहे," ती हसून म्हणाली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून बाटली खिडकीशी धरली. शिवण बघितली, बूड बघितलं. मग ती पट्टी दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. भरलेला पेला झोपलेल्या माणसावरून न्यावा तशी बाटली दोन्ही हातांनी धरून ते कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपापाशी गेले आणि ती हळूहळू बुडवून तळाला टेकवली. मगच वळले.

"कुठून आणलीस?"

"बंदरातून. काय आहे मास्तर?"

"बाहेर चल. आधी बाहेर." रस्त्यावर आल्यावर त्यांनी तिचा दंड धरला. "दुसऱ्या महायुद्धात शत्रूवर फेकायला आमच्या कारखान्यात या बाटल्या झाल्या. वडील सांगायचे. आत फॉस्फरस असतो. ती पट्टी रबराची. विरघळली की आतलं चिकट होतं, अंगाला चिकटावं म्हणून. बाटली फुटून हवा लागली की आपोआप पेटतं. काडी लागत नाही. भट्टीवरच्या वडिलांच्या सोबत्याचा हात कोपरापर्यंत जळून गेला होता. पाण्यानं विझवावं, तर सुकलं की पुन्हा पेट घ्यायचं." मग त्यांनी विचारलं, "किती आणल्यास?"

"दोन," ती म्हणाली. "दुसरी घरी आहे. बाबांकडे."

"मग फोन कर! मी इकडून अग्निशमनवाल्यांना कळवतो. तुझा पत्ता सांग."

तिनं घरचा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. यंत्र कानात नसलं की फोन त्यांच्यासाठी नसतोच. टॅक्सीत बसता बसता तिनं खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना फोन केला.

"ताई, जरा वर जाऊन बाबांना बघता? दार नुसतं वाजवा."

शिलाई मशीनची घरघर थांबली, जिन्यावर चपला वाजल्या, मग दारावर थापा. "उघडत नाहीत गं. पण आत आहेत. मघापासून काहीतरी बोलतायत. मला वाटलं रेडिओशी भांडतायत."

"काय बोलतायत?"

"कळत नाही. माणसाला बोलावून दार तोडून घेऊ का?"

तिला हो म्हणायचं होतं. कुणीतरी आत्ता, या क्षणी आत शिरावं आणि त्यांच्या हातातून ती काढून घ्यावी, एवढंच तिला हवं होतं. पण ताई घाईनं घुसल्या, बाबा दचकले आणि बाटली फरशीवर पडली तर? ताईंना दोन मुली होत्या.

"नको ताई. दार सोडा. घरात एक वाईट वस्तू आहे, आग लागणारी. सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जा. आत्ता. मला काही विचारू नका."

पलीकडे ताईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि ते?"

"मी येतेय," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू फुटलं. आपण त्यांना एकटं सोडलं, असंच तिला वाटत राहिलं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. "कुणी आजारी आहे का बाई?" तिनं हो म्हणून मान हलवली. त्यानं दोन सिग्नल तोडले.

इमारतीसमोर ताई, त्यांच्या मुली आणि इतर बिऱ्हाडं घोळक्यानं उभी होती. वर कुठे धूर दिसत नव्हता. अजून नाही, असंच तिच्या मनात आलं. ती एका दमात तीन मजले चढली. शेवटच्या वळणावर वास आला. आगपेटीच्या गुलासारखा, आणि त्यात लसणाची झाक.

तिनं किल्ली फिरवली, दार आवाज न करता ढकललं.

स्वयंपाकघरापलीकडे बाल्कनीत ते उभे होते, तिच्याकडे पाठ करून, कठड्याला कंबर टेकून. दोन्ही हात पुढे. कोपराआडून बाटलीची काच चमकत होती. पायाशी पक्कड पडलेली. फरशीवर साबणाचं पाणी सांडलेलं, आणि त्यांच्या डोक्यावरून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर जात होती.

उघडतायत, तिला वाटलं. हाक मारून उपयोग नव्हता. खांद्याला हात लावला तर दचकतील. ती जागच्या जागी थिजली. मग तिला बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीवरचा त्यांचा दाढीचा आरसा दिसला. भिंतीला चिकटून ती एकेक पाऊल सरकत गेली, तिचा चेहरा आरशात येईपर्यंत.

त्यांची नजर वर झाली. तिनं तळहात पुढे केला. थांबा. पाण्याखालची ही खूण, त्यांचं ऐकणं कमी झाल्यापासून दोघं घरातही वापरत.

ते दचकले नाहीत. आरशातला त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता आणि हनुवटीवरून घाम टपकत होता. बहिऱ्या माणसाच्या फार मोठ्या आवाजात ते म्हणाले, "हलू नकोस. फॉस्फरस आहे. बुचाला भोक पडलंय, त्यावर माझा अंगठा आहे. पाणी आण. भरपूर आण. आणि धावू नकोस, फरशी ओली आहे."

तेव्हा तिला कळलं. ते उघडत नव्हते. मघापासून ते धरून उभे होते.

न्हाणीत तिचा पाण्याखालचा पोशाख भिजत घातलेला मोठा टब होता. पोशाख बाहेर फेकून तिनं टब फरफटत आणला. उंबऱ्यापाशी अडला. उचलताना अर्धं पाणी अंगावर आलं. त्या गुडघ्यांनी ते खाली वाकू शकत नव्हते, म्हणून टब वर न्यायला हवा होता. तिनं पायानं स्टूल ओढलं, टब मांड्यांवर घेतला, आणि आता हा निसटला तर आपण दोघंही, असा विचार येत असतानाच तो स्टुलावर टेकला.

"मी धरते. हळूच."

त्यांना ऐकू गेलं नाही, पण तिचे ओठ दिसले. तिनं त्यांच्या दोन्ही हातांभोवती आपले हात घातले. त्यांची बोटं बर्फासारखी गार आणि ताठ होती. वीतभर अंतर होतं, पण ते संपता संपेना. धुराची रेघ तिच्या डोळ्यांपुढून गेली, नाकात शिरली. तिला खोकला आला आणि तिनं तो दाबला. मग मनगटांना पाणी लागलं. बाटली बुडाली, बूच निखळून बाजूला झालं, आणि पिवळट मेणाचा एक गोळा पाण्यात सरकून तळाशी बसला. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग पसरला.

"सोडा," तिनं बोटं उलगडली.

त्यांनी हात बाहेर काढला आणि अंगठ्यावरून धूर निघू लागला. डाळीच्या दाण्याएवढा कण कातडीत रुतला होता आणि हवा लागताच जळत होता. ते ओरडले. असा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं तोच हात पुन्हा टबात दाबला. मग ओट्यावरचं पातेलं भरलं, ओला टॉवेल अंगठ्याभोवती गुंडाळून हात पातेल्यात घातला, आणि पातेलं दोघांमध्ये धरून, एकेक पायरी मोजत, ती दोघं खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर हेल्मेट घातलेली माणसं वर येताना भेटली.

"कुठे आहे?"

"बाल्कनीत, स्टुलावर. पाण्यात," ती म्हणाली. पुढे तिला बोलताच येईना.

इस्पितळात पाण्याच्या धारेखालीच तो कण काढला. अंगठ्याचं पेर वाचलं, पण ताठ झालं. दुसऱ्या दिवशी कानात यंत्र घालून ते उशीला टेकून बसले होते. तिनं विचारलं, "का उघडलीत?"

"ओळखता येईना म्हणून." ते पांघरुणाकडे बघत म्हणाले. "पक्कड लावली तर बुचाचा तुकडाच पडला. धूर आला आणि वास आला. कंपाउंडरच्या परीक्षेच्या वेळी शिक्षकांनी बरणीत दाखवला होता, पाण्याखाली ठेवलेला. पन्नास वर्षं झाली, पण नाकानं लगेच ओळखलं. अंगठा लावला. साबणाच्या पाण्याची बादली नुकतीच ओतून टाकली होती. नळ चार पावलांवर. पण ओली फरशी आणि हे गुडघे. पडलो तर बाटलीसकट पडणार. खालच्या मुली माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या. मग ओरडायला लागलो. पण आवाज बाहेर जातोय की नुसतं तोंड हलतंय, तेच मला कळेना."

"जात होता. ताईंनी ऐकलं."

"मग?"

"त्यांना वाटलं रेडिओशी भांडताय."

ते हसायला गेले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. तिनं बराच वेळ त्यांचा चांगला हात धरून ठेवला. मीच घरात आणली, हे तिनं सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी नाही म्हणून मान हलवली. या वेळी त्यांना ऐकू आलं होतं.

आठवड्यानं बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. खोकं नेमकं कुठे, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मार्गदर्शक दोर धरून ती खाली उतरली, मागे पथकाचे दोन पाणबुडे. तळाला पोचल्यावर दोर सोडायचा होता. तिची मूठ उघडेना. काळोखात तिला पुन्हा तो दंडापर्यंत अडकलेला हात आठवला, आणि त्याच्या बाजूला रांगेनं बसलेल्या बाटल्या. मागच्या माणसानं तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. ठीक? तिनं खूण केली, ठीक नाही. तो थांबला. घाई केली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं एकेक बोट सोडलं, गाळावर पोट टेकवत पुढे सरकली, फळीला हात लागला तसा त्याचा हात धरून त्या फळीवर ठेवला आणि मागे फिरली.

खोक्यात बावीस निघाल्या. फुंकरमास्तरांच्या पिंपातली आधीच नेली होती. दूर वाळूच्या पट्टीवर त्या जाळल्या, तेव्हा बघायला ती गेली नाही.

महिन्याभरानं एका जहाजाच्या साखळीखाली चाचपडताना तिच्या बोटांना गाळात काचेची मान लागली. चटका बसल्यासारखा तिनं हात मागे घेतला. जागा मनात नोंदवून ती वर आली आणि ठरल्याप्रमाणे बोटीवर सांगितलं, बाटली आहे, हात लावलेला नाही.

संध्याकाळी बाबांनाही सांगितलं. ते ताठ अंगठा चोळत ऐकत होते.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, जरा ओशाळूनच, "पण शिवण कुठवर होती गं?"

"बाबा!"

"नुसतं विचारलं," ते म्हणाले.